पापड तेच, मग ऑर्डर परत का आली? : दुकानाच्या मालाचा फोटो फुकटच्या गिम्पवर घरीच सुधारा

 

आज फोटो एडिटिंगबद्दल बोलायचंय. पण त्याआधी एक किस्सा सांगतो, कारण हा विषय मी त्याच्यामुळेच घेतलाय.

आमच्या प्रशिक्षणाला येणाऱ्या एक ताई आहेत. बचत गटाच्या. उन्हाळ्यात वाळवणं करतात आणि नाचणीचे पापड विकतात. माल एक नंबर. त्यांनी पापडाचा फोटो काढला रात्री नऊ वाजता, जेवणं आटोपल्यावर, पिवळ्या बल्बखाली. फोटो काळपट आला म्हणून मुलाने मोबाइलमधला फिल्टर मारला आणि पापड एकदम गोरेपान झाले. तो फोटो फिरत फिरत डोंबिवलीच्या एका सोसायटीच्या ग्रुपवर गेला आणि तिथून १२ किलोची ऑर्डर आली. ताई खूश. आसनगावहून लोकल पकडून माल स्वतः पोचवला. पाकिटं उघडल्यावर तिथल्या बायका म्हणाल्या, "हे फोटोतले नाहीत. फोटोत उडदासारखे पांढरे होते, हे तर जुने वाटतायत." बारापैकी आठ किलो परत. वर दिवसभराची मजुरी बुडाली ती वेगळीच.

ताई मला म्हणाल्या, "दादा, नाचणीचा पापड तपकिरीच असणार ना! माझ्या पापडात काय खोट होती?"

पापडात खोट नव्हती. फोटोत होती.

म्हणून आज जे शिकायचंय, त्याचा नियम पहिल्यांदाच लिहून ठेवा. एडिटिंग मालाला सुंदर बनवायला नाही, माल आहे तसा दाखवायला करायचं. अंधार, पिवळा उजेड, मागचा पसारा, तिरका कॅमेरा या गोष्टी खरा माल लपवतात. त्या बाजूला सारायच्या, एवढंच आपलं काम. आपण त्याच नाचणीच्या पापडाचा फोटो सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट करू.

## सॉफ्टवेअर कोणतं?

मी वापरतो गिम्प. १९९५ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं आणि पुढच्या वर्षी लोकांसाठी खुलं केलं. आज जगभरातले स्वयंसेवक ते सांभाळतात. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही मोठी आवृत्ती आली. तुमच्याकडे जुनी २.१० असली तरी चालेल, आज सांगतोय ते सगळं त्यात होतं.

बरेच जण विचारतात, "सर, फुकट आहे म्हणजे धंद्यासाठी वापरलं तर केस होईल का?" नाही होणार. गिम्पचा परवानाच तसा आहे. घरी वापरा, दुकानात वापरा, त्यावर डिझाइन करून पैसे कमवा, कुणी अडवत नाही. उलट बाजारातून चोरीचं फोटोशॉप पेनड्राइव्हवर आणून टाकणं हे बेकायदेशीर, आणि त्यासोबत व्हायरस आला तर दुकानाचा हिशेबही जाणार.

डाउनलोड करताना मात्र सांभाळा. गूगलवर नाव टाकून जी पहिली जाहिरात दिसेल तिच्यावर क्लिक करायचं नाही. २०२२ मध्ये गिम्पच्या नावाने गूगलवर खोटी जाहिरात लागली होती. हुबेहूब साइट, पण आतून पासवर्ड चोरणारा व्हायरस. म्हणून ब्राउझरच्या पट्टीत स्वतः टाइप करा : गिम्प डॉट ओआरजी. तिथूनच घ्या.

माझ्या दुकानातल्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर गिम्प चालतं. हळू चालतं, पण चालतं. लॅपटॉपच नसेल तर मोबाइलवर गूगलचं स्नॅपसीड घ्या, तेही फुकट आहे. बटणं वेगळी असतील, पण आज सांगतोय तो क्रम आणि नियम तोच.

## अर्धं काम फोटो काढतानाच

एडिटिंगने वाईट फोटो बरा होतो, पण नसलेला फोटो तयार होत नाही. म्हणून आधी ताईंना पापड घेऊन पुन्हा बोलावलं. सकाळी दहा वाजता, दुकानामागच्या पडवीत.

चार गोष्टी केल्या.

पहिली, बल्ब बंद. खिडकीतून किंवा पडवीच्या उघड्या बाजूने येणारा दिवसाचा उजेड घेतला. थेट ऊन नको, त्याने काळ्या कडक सावल्या पडतात. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसाचा उजेड तर मऊ असतो, फोटोला उत्तम.

दुसरी, उजेडाच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला. उजेड त्यावर आपटून परत येतो आणि सावलीची बाजू काळी राहत नाही. खर्च शून्य, माझ्याकडे टीव्हीच्या खोक्यातला होता.

तिसरी, मोबाइलची काच पुसली. हसू नका. पिठाच्या हाताने मोबाइल धरला की काचेवर तेलकट थर बसतो आणि फोटो धुक्यातला दिसतो.

चौथी, आणि ही नीट ऐका, पापडाच्या ताटाशेजारी साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवला. फोटोत तोही आला पाहिजे. का, ते पुढे कळेल.

मग तो फोटो लॅपटॉपवर घेतला. यूएसबी वायरने घेतला, व्हॉट्सॲपने नाही. पाठवायचाच असेल तर व्हॉट्सॲपमध्ये "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

## पिक्सेल म्हणजे काय, आणि माझे पैसे कसे गेले

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. एका ठिपक्याला म्हणायचं पिक्सेल. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला की लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. बाकीचे ठिपके गेले, ते परत येत नाहीत.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकान सुरू केलं तेव्हा बोर्डासाठी १० बाय ३ फुटांचा फ्लेक्स करायला दिला. फोटो दिला व्हॉट्सॲपवरून आलेला. हिशेब बघा. १० फूट म्हणजे १२० इंच. १६०० ठिपके भागिले १२० इंच, एका इंचात आले फक्त १३ ठिपके. फ्लेक्स छापून आला तर माझ्याच दुकानातला माल मला ओळखू येईना. प्रेसवाल्याची चूक नव्हती, त्याने दिलं तेच छापलं. दुसरा फ्लेक्स माझ्या खिशातून.

तेव्हापासून मी हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय :

- मोबाइलवर दाखवायचा चौकोनी फोटो : १०८० बाय १०८० पिक्सेल पुरे.
- व्हॉट्सॲप स्टेटसचा उभा फोटो : १०८० बाय १९२०.
- पाकिटावरचं लेबल : एका इंचाला ३०० ठिपके. म्हणजे ४ बाय ३ इंचाच्या लेबलसाठी १२०० बाय ९००.
- लांबून बघायचा फ्लेक्स : इंचाला ७२ ठिपके असले तरी चालतं. १० बाय ३ फुटांसाठी ८६४० बाय २५९२.

लहानाचा मोठा करता येतो, पण नुसता ताणला जातो, बारकावे येत नाहीत. मोठ्याचा लहान केव्हाही करता येतो. म्हणून मूळ फोटो कधीच डिलीट करायचा नाही आणि त्याच्यावर थेट काम करायचं नाही. "मूळ फोटो" नावाचा वेगळा फोल्डर करा.

## पायरी १ : रंग खरा करा

गिम्पमध्ये फाइल मेनूतून फोटो उघडा. उजव्या बाजूला "लेयर्स" नावाची पेटी दिसेल. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक प्लास्टिकचे कागद समजा. वरच्यावर काम केलं तर खालचा सुरक्षित. तर पहिलं काम, लेयर मेनूत जाऊन "डुप्लिकेट लेयर". आता वरच्या लेयरवर काम करायचं. बिघडलं तर कंट्रोल आणि झेड दाबा, एक पाऊल मागे. फारच बिघडलं तर वरचा लेयर काढून टाका, खाली मूळ आहेच.

आता कलर्स मेनूत "लेव्हल्स" उघडा. एक डोंगरासारखा आलेख दिसेल. आसनगाव स्टेशनवरून माहुलीचे सुळके दिसतात ना, तसा. डावीकडे फोटोतला काळोख, उजवीकडे उजेड. डोंगर सगळा डावीकडे गोळा झाला असेल तर फोटो अंधारा. उजवी बाजू मोकळी पडली असेल तर फोटोत खरा पांढरा रंगच नाही.

आता तो कागदाचा तुकडा कामाला येतो. लेव्हल्सच्या खिडकीत ड्रॉपरसारखी तीन छोटी चिन्हं आहेत. एक काळ्यासाठी, एक करड्यासाठी, एक पांढऱ्यासाठी. पांढऱ्याचं घ्या आणि फोटोतल्या कागदावर क्लिक करा. आपण गिम्पला सांगितलं, "बाबा, हा पांढरा आहे. याच्यावरून बाकीचं ठरव." एका क्लिकमध्ये पिवळी किंवा निळी झाक उतरते आणि पापड आपल्या खऱ्या रंगात येतो.

कागदावर उजेड इतका जोरात पडला असेल की तो आधीच पांढराफटक झालाय, तर हे काम करणार नाही. तेव्हा कागदाचा जरा सावलीकडचा भाग निवडा.

कागद ठेवायला विसरलात? मग कलर्स मेनूत "ऑटो" मध्ये "व्हाइट बॅलन्स" आहे, ते करून बघा. कधी छान येतं, कधी भलतंच. गिम्पला काय माहीत तुमचा पापड नाचणीचा की उडदाचा! म्हणून कागदच बरा.

यानंतर फोटो अजून अंधारा वाटला तर लेव्हल्समध्येच आलेखाखाली तीन त्रिकोण आहेत, त्यातला मधला हलकेच डावीकडे सरकवा. हलकेच म्हणजे हलकेच.

आता इथे थांबायचं. बहुतेक जण इथेच पुढे जाऊन "सॅच्युरेशन" वाढवतात. रंग भडक होतात, बघायला मजा येते. ताईसुद्धा म्हणाल्या, "दादा, अजून थोडे उजळ करा ना, पांढरे बरे दिसतात." मी खरा पापड उचलला आणि स्क्रीनच्या शेजारी धरला. म्हटलं, "ताई, सांगा, जुळतोय का?" जुळत होता. म्हटलं, मग झालं.

ही माझी पक्की तपासणी आहे : खरी वस्तू दिवसाच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरून बघा. स्क्रीनचा नाइट मोड बंद ठेवा, नाहीतर सगळंच पिवळं दिसेल. आणि फोटो दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर बघा, प्रत्येक स्क्रीन थोडी वेगळी असते. साडी, ब्लाउजपीस, बांगड्या विकणाऱ्यांनी तर ही तपासणी चुकवूच नका. आबोली म्हणून दाखवलेली साडी घरी केशरी निघाली की ती परत येणारच.

## पायरी २ : कापा आणि सरळ करा

रंग आधी आणि कापणं नंतर का? कारण कागद फोटोतच हवा होता. त्याचं काम झालं, आता तो जाऊ दे.

फोटो तिरका असेल तर शिफ्ट आणि आर दाबून रोटेट टूल घ्या, टेबलाची कड आडवी होईपर्यंत फिरवा. मग शिफ्ट आणि सी दाबा, क्रॉप टूल आलं. त्याच्या पर्यायांत "फिक्स्ड" ला टिक करून "आस्पेक्ट रेशो" निवडा आणि १:१ लिहा. आता कसंही ओढलंत तरी चौकोन समानच राहील. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगला चौकोनी फोटो सगळ्यात सोयीचा.

ताट मधोमध घ्या आणि चारही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडा. अगदी कडेपर्यंत कापलं की फोटो गुदमरल्यासारखा वाटतो. एंटर दाबा, झालं.

## पायरी ३ : डाग काढा, पण कोणता?

टेबलक्लॉथवर तेलाचा ठिपका, कोपऱ्यात बसलेली माशी, पडलेला पापडाचा चुरा. यासाठी आहे "हील" टूल. की-बोर्डवर एच दाबा. कंट्रोल धरून शेजारच्या स्वच्छ जागेवर क्लिक करा, मग कंट्रोल सोडून डागावर क्लिक करा. स्वच्छ जागेचा पोत घेऊन गिम्प डाग बुजवतं.

या टूलसाठी माझ्या वर्गात एक नियम आहे. टेबलावरचा डाग काढायचा, मालावरचा नाही. ताटातला एक पापड तुटका होता. हीलने जोडता आला असता, पण तसं नाही केलं. तो उचलून दुसरा ठेवला आणि पुन्हा फोटो काढला. पाकिटात तुटके जाणार नसतील तर फोटोत तुटका ठेवायची गरज नाही. पण पाकिटात जे जाणार आहे ते फोटोत लपवायचं नाही.

आणि हा फक्त माझा नियम नाही, सरकारचाही आहे. ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियम, २०२० मध्ये लिहिलंय की वस्तूचं वर्णन आणि फोटो वस्तूच्या प्रत्यक्ष रूपाशी आणि दर्जाशी जुळले पाहिजेत. ऑनलाइन बाजारपेठेवर माल टाकणाऱ्या विक्रेत्याकडून तशी हमी घेतली जाते. जाहिरातीत सांगितल्यासारखा माल निघाला नाही, तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. उद्या तुमचे पापड मोठ्या साइटवर विकायचे असतील तर ही सवय आजच लावा.

## पायरी ४ : मागचा पसारा

मागे गॅस सिलिंडर, दोरीवरचे कपडे, कॅलेंडर. ग्राहकाचं लक्ष तिकडे जातं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फोटो काढतानाच मागे एकरंगी चादर किंवा कार्डपेपर लावायचा. तरीही पार्श्वभूमी बदलायचीच असेल तर असं करा.

आपलं ताट गोल आहे, म्हणून ई दाबून "इलिप्स सिलेक्ट" घ्या आणि ताटाच्या कडेवर बसेल असा गोल ओढा. पाकीट किंवा बरणी असेल तर बी दाबून "पाथ्स" टूल घ्या, कडेकडेने एकेक क्लिक करत जा, शेवटी कंट्रोल धरून पहिल्या बिंदूवर क्लिक करा आणि एंटर दाबा. ताटाभोवती मुंग्यांसारखी हलणारी रेघ दिसली म्हणजे निवड झाली. सिलेक्ट मेनूत "फेदर" मध्ये २ पिक्सेल द्या, म्हणजे कड ब्लेडने कापल्यासारखी दिसत नाही.

आता "इरेझर" घेऊन बाकीचं पुसू नका. पुसलेलं गेलं. त्याऐवजी लेयर मेनूत "मास्क" मध्ये "ॲड लेयर मास्क" करा आणि "सिलेक्शन" निवडा. बाहेरचं सगळं नाहीसं झालं, पण खरंतर फक्त झाकलं गेलंय. मास्कचं गणित सोपं आहे. काळं लपवतं, पांढरं दाखवतं. ताटाची कड चुकून कापली गेली? सिलेक्ट मेनूतून "नन" करा, मास्कवर क्लिक करा आणि पांढऱ्या ब्रशने रंगवा, कड परत येते. जास्तीचं काही राहिलं? काळ्या ब्रशने रंगवा, जातं. मास्क एकदा समजला की एडिटिंगची भीती निम्मी जाते, कारण काहीच कायमचं बिघडत नाही.

मग नवा लेयर घ्या, त्यात फिका बिस्किटी रंग भरा आणि लेयर्सच्या पेटीत ताटाच्या खाली ओढा. खालचा मूळ लेयर त्यामागे झाकला जाईल.

ताट आता हवेत तरंगतंय असं वाटेल, कारण सावली गेली. दोघांच्या मध्ये अजून एक रिकामा लेयर घ्या. ताटापेक्षा किंचित खाली सरकलेला गोल निवडून त्यात काळा रंग भरा, सिलेक्शन काढा, फिल्टर्स मेनूतल्या "ब्लर" मध्ये "गॉशियन ब्लर" द्या आणि लेयरची "ओपॅसिटी" ४० च्या आसपास आणा. ताट टेकलं जमिनीवर.

## पायरी ५ : मराठी अक्षरं

इथे आपल्या भागात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आणतात, गिम्पमध्ये टाकतात आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण ते फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यात मराठीचा फक्त आकार असतो, आतून अक्षरं इंग्रजीच. मोबाइलच्या मराठी की-बोर्डवर जे टाइप करता ते युनिकोड. तोच मजकूर कॉपी करून आणा, जोडाक्षरांसकट नीट दिसेल.

फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. मुंबईच्या "एक टाइप" या संस्थेचे "मुक्त" आणि "बलू" हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, धंद्यासाठी वापरायलाही मोकळे. बारीक मजकुराला मुक्त, मोठ्या नावाला बलू, ही माझी जोडी. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर "तिरो देवनागरी मराठी" बघा.

टी दाबा, फोटोवर क्लिक करा, मजकूर टाका. एका फोटोवर दोनच फॉन्ट आणि तीनच गोष्टी : मालाचं नाव, वजन, भाव. "शुद्ध, स्वादिष्ट, घरगुती, खुसखुशीत, एकदा खाल तर..." हे सगळं एका फोटोवर कोंबू नका. मोबाइलवर अंगठ्याएवढा दिसणारा फोटो आहे तो. अक्षरं मागच्या रंगात बुडत असतील तर त्यांच्या खाली वेगळ्या लेयरवर गडद पट्टी टाका आणि तिची ओपॅसिटी ६० करा.

शेवटी मजकूर मोठ्याने वाचा, आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. आपली चूक आपल्याला दिसत नाही. पाकिटाचं लेबल असेल तर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आकड्याशी आकडा जुळवून तपासा. छापलेली हजार लेबलं हाताने दुरुस्त करत बसायला कुणालाच आवडत नाही.

## पायरी ६ : सेव्ह वेगळं, एक्सपोर्ट वेगळं

गिम्पमध्ये "सेव्ह" केलं की एक्ससीएफ फाइल तयार होते. ही आपली कच्ची वही. लेयर, मास्क, अक्षरं सगळं त्यात सुटं राहतं. पुढच्या वर्षी भाव बदलला तर फक्त आकडा बदलायचा. ही फाइल ग्राहकाला पाठवायची नाही, त्याच्याकडे ती उघडणारच नाही.

ग्राहकासाठी इमेज मेनूतल्या "स्केल इमेज" मध्ये १०८० बाय १०८० करा. मग फाइल मेनूतून "एक्सपोर्ट ॲज", नावाच्या शेवटी जेपीजी, क्वालिटी ८५ ते ९०. मागची बाजू पारदर्शक ठेवायची असेल, जसं की लोगो, तर पीएनजी, कारण जेपीजीला पारदर्शकपणा कळत नाही. फोटो जरा मऊ वाटला तर एक्सपोर्टच्या आधी फिल्टर्स मेनूतल्या "एन्हान्स" मध्ये "शार्पन" थोडंसं द्या. एक्सपोर्ट झाल्यावर कंट्रोल आणि झेड दाबून एक्ससीएफ पुन्हा मोठ्या आकारावर आणून ठेवा, छपाईला लागेल.

फाइलला नाव द्या : "नाचणी पापड, ५०० ग्रॅम, मे". नुसतं "नवीन फायनल २" नको.

आणि एक राहिलं. गूगलवरून दुसऱ्याच्या पापडाचा फोटो उचलून आपलं नाव टाकायचं नाही. तो फोटो ज्याने काढला त्याचा असतो, आणि मुख्य म्हणजे तो तुमचा माल नाही. मग परत तीच डोंबिवलीची गोष्ट.

## शेवटी हिशेब

पहिल्या फोटोला ताईंना पाऊण तास लागला. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं. आता वहीत सहा पायऱ्या लिहून घेतल्यात आणि गटातल्या बारावीच्या मुलीला त्याच शिकवतात. नव्या फोटोखाली त्यांनी स्वतः एक ओळ टाकली : "नाचणीचा पापड, रंग तपकिरीच, तळल्यावर फुलतो." त्या फोटोवरून गेलेल्या पापडांपैकी रंगावरून एकही पाकीट अजून परत आलेलं नाही. ऑर्डरी एकदम दुप्पट झाल्या वगैरे मी सांगणार नाही. पण जी ऑर्डर येते ती टिकते, आणि लहान धंद्यात टिकलेला ग्राहक हाच खरा नफा.

आजचा गृहपाठ : घरातली किंवा दुकानातली एकच वस्तू घ्या. पांढरा कागद शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात फोटो काढा. फक्त पायरी १ आणि २ करा, म्हणजे रंग आणि क्रॉप. मग वस्तू स्क्रीनशेजारी धरा आणि घरातल्या कुणालाही विचारा, "जुळतंय का?" "हो" आलं की मगच पुढच्या पायऱ्यांकडे वळा.

मास्कची पायरी वाचून डोक्यात नाही बसली तर काळजी नको, व्हिडिओत ती हळूहळू दोनदा करून दाखवलीय. थांबवत थांबवत बघा आणि सोबत करा. अडलं तर विचारा, किन्हवलीला आलात तर दुकानात या. येताना मूळ फोटो तेवढा घेऊन या, व्हॉट्सॲपवरचा नको!

भेटूया पुढच्या भागात.